बिघाडाचे कारण

चष्म्याच्या दुकानात तिचा उजवा अंगठा आपोआप काउंटरच्या काचेवर दाबला गेला आणि त्यानंतर दुकानातलं संगीत खाली उतरलं. आधी अंगठा, मग संगीत. क्रम असाच होता, याबद्दल तिला नंतर कितीही उलटसुलट विचार केला तरी शंका आली नाही. टेपवाल्यांच्या चष्म्याची काडी बसवून घ्यायला ती आली होती. चष्मा न काढताच आडवं व्हायचं आणि मग कुशीवर वळायचं, ही त्यांची जुनी खोड. टेपवाले म्हणजे तिचा नवरा. बेचाळीस वर्षांपूर्वी वॉर्डातली सगळी माणसं त्यांना याच नावाने ओळखायची, आणि लग्न झालं तरी तिच्या मनात त्यांचं तेच नाव राहून गेलं, जसं त्यांच्या तोंडी तिचं ‘सिस्टर’ राहिलं. काउंटरमागची बाई बारीक पेचकसाने काडीचा स्क्रू पिळत होती. छतातल्या जाळीतून एक लांब सूर पसरत होता, कुठे सुरू झाला ते न कळणारा. तिचं त्याकडे लक्षही नव्हतं. समोरच्या आरशात बघत ती चार वाजता घरी येणाऱ्या पाहुणीला काय बोलावं आणि काय बोलू नये याची मनात जुळवाजुळव करत होती. तेवढ्यात अंगठा दाबला गेला, सूर हळूहळू खाली कलला, दोन श्वासांइतका वेळ तिथेच राहिला आणि सावकाश वर आला. तिने बोट काचेवरून उचललं तेव्हा तिथे घामाचा गोल ठसा उमटला होता.

“हे कोणी लावलंय?” तिने विचारलं.

“कोण लावणार, काकू? दिवसभर चालूच असतं. जांभया देऊन देऊन माझा जबडा दुखतो.” बाईने फोनमध्ये डोकावून बघितलं. “कोणीतरी तिशीतला दिसतोय. काय ऐकतात लोक यात कोण जाणे. काही होतच नाही बघा.”

“होतं,” ती म्हणाली. “आत्ताच झालं.”

बाईने तिच्याकडे बघितलं, मग चष्मा पुसला आणि डबीत घालून दिला.

ती टेपवाल्यांची टेप नव्हती, हे तिला पहिल्याच क्षणी कळलं होतं. त्यांच्या टेपेत व्हायोलिनची जाड तार होती, काचेच्या पेल्याच्या कडेवरून फिरवलेलं ओलं बोट होतं, पियानोची अगदी डावीकडची पट्टी होती. दुकानातल्या संगीतात यातलं काहीच नव्हतं, काहीतरी कॉम्प्युटरवर विणलेलं, धुरकट, तिच्या ओळखीचं नसलेलं. पण तो उतार तिचा होता. ती नोकरी सोडून घरी बसल्यावर जन्मलेल्या कोणा मुलाच्या हाताला तिचा अंगठा लागला होता आणि तो बिचारा त्याला संगीत समजून बसला होता. आठ दिवसांपूर्वी आज येणाऱ्या त्या मुलीचा फोन आला तेव्हा तिने हे सगळं ऐकलं होतं, पण खरं मानलं नव्हतं. टेपवाल्यांना ऐकू कमी येतं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला, त्यामुळे मुलगी जे सांगत होती ते स्वयंपाकघरापर्यंत पोचत होतं. मुलगी स्वतः संगीत करते. एका जुन्या डोळ्यांच्या दवाखान्याच्या अडगळीत सापडलेल्या टेपची नक्कल, तिची नक्कल, तिचीही नक्कल, असं करत करत ती टेप हिच्या पिढीच्या हातात आली. डझनावारी लोक त्या टेपमुळे या वाटेला लागले. सुरुवात नसलेले सूर त्यांनी तिथून घेतले, ठेका नसणं तिथून घेतलं, पण सगळ्यांत जास्त घेतला तो उतार. टेप मध्येच खाली जाते आणि वर येते, ती जागा. “आम्ही सगळे त्याला उतारच म्हणतो, आजोबा. तो तुम्ही कसा केलात, हे विचारायला यायचंय.” टेपवाल्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग म्हणाले, “गुरुवारी या. चार वाजता.” फोन ठेवून त्यांनी तिला हाक मारली. “सिस्टर, ऐकलंत का? एका बिघडलेल्या मोटरवर पोरांनी अख्खी इमारत उभी केलीय. सांगितलं पाहिजे त्यांना.” त्या दिवसापासून ते त्या मुलीला ‘उतारवाली’ म्हणू लागले होते आणि सिस्टर रात्रीची झोप विसरली होती.

दुकानातून बाहेर पडून ती बसथांब्याकडे गेली नाही, चालतच निघाली. गुडघे कुरकुरत होते, कुरकुरू देत. आज गुरुवार. गुरुवारच यायला हवा होता का, असं तिला वाटलं आणि हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. रस्त्यावर खोदकाम चाललं होतं. फुटपाथवर एक गवंडी विटांच्या ढिगाला टेकून जेवत होता आणि कुठल्याशा गाण्यावर त्याचा पाय हलत होता. तिला चार नंबरच्या खाटेवरचा गवंडी आठवला. खरं म्हणजे सगळं त्या गवंड्याच्याही आधीच्या एका गवयापासून सुरू झालं होतं. गवई कसला, बँडमध्ये ताशा वाजवायचा. त्या काळी मोतीबिंदू काढला की दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधायच्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावायच्या आणि माणसाला आठ-आठ दिवस उताणं निजवून ठेवायचं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. वेळ जावा म्हणून वॉर्डात रेडिओ ठेवला होता. एका दुपारी रेडिओवर ठेक्याचं गाणं लागलं आणि ताशावाल्याने वाळूच्या पिशव्यांसकट मान डोलावली. टाका तुटला. मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने रेडिओची तार उपटली आणि रेडिओ केंद्रात फोन केला: मला असं काहीतरी करून द्या जे ऐकून माणसाची मान हलणार नाही. केंद्रातल्या सगळ्यांनी हात झटकले. ध्वनिमुद्रण विभागातला एक अबोल तंत्रज्ञ तेवढा म्हणाला, बघतो.

बघतो म्हणजे त्या माणसाने तीन महिने डोकं फोडलं. ठेका नको, हे सोपं होतं. शब्द नकोत, कारण शब्द आले की माणूस मनात उत्तर देतो. पण तरीही रोगी दचकायचे. मग त्याच्या लक्षात आलं की दचकवते ती सुरांची सुरुवात. गज तारेवर टेकतो तो क्षण, पट्टी दाबली जाते तो क्षण. मग तो केंद्राच्या तळघरात बसून ब्लेडने प्रत्येक सुराची सुरुवात कापून टाकू लागला. टेपेचे नखाएवढे तुकडे जमिनीवर पडलेले असायचे आणि उरलेली टेप, जिच्यात सूर आधीपासूनच चालू आहे, ती तो चिकटवायचा. हे सगळं त्याने तिला पुढे सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने, कारण त्याचं बोलणंही तसंच होतं. सुरुवात कापलेलं. पहिल्या दिवशी मशीन घेऊन वॉर्डात आला आणि नमस्कार नाही, नाव नाही, एकदम म्हणाला, “...म्हणून खिडकीपासून लांब ठेवा.” काय, कशाला, हे आपण ओळखायचं. तिला ते भारी आवडलं. ज्या घरात ती वाढली तिथे माणसं बोलण्याआधी अर्धा तास घसा खाकरत. मशीन तिच्या टेबलाशेजारी ठेवलं गेलं आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली गेली: हात लावू नये. दुपारी दोन वाजता बटण दाबायचं, चारला बंद करायचं, बाकी काही नाही. टेप सुरू झाली आणि बारा खाटांवरची बारा माणसं एकदम शांत झाली तेव्हा ती पाठ फिरवून उगाच औषधांच्या बाटल्या लावत बसली, कारण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिथे डोळे असलेलं माणूस तो एकच होता.

आणि मग तो गवंडी आला. दिवसाउजेडी आडवं पडून राहायची जन्मात सवय नसलेला माणूस. टेप चालू असतानाही त्याची छाती भराभर वरखाली व्हायची, पायाची बोटं वळायची. झोपेचं औषध देऊन झालेलं, पुन्हा द्यायची वेळ झालेली नव्हती. एकदा त्याचा श्वास इतका वाढला की टेपच त्रास देतेय की काय असं वाटून ती मशीन बंद करायला गेली, आणि बटणाऐवजी तिचा अंगठा डावीकडच्या चाकाच्या कडेवर पडला. चाक जड झालं. सगळा आवाज खाली बसला. अपराध केल्यासारखी ती तशीच थिजली, अंगठा काढायचंही सुचेना; आणि दोन श्वासांनी बघते तर गवंड्याची छातीही आवाजाबरोबर खाली आलेली. तिने हळूच अंगठा उचलला. आवाज वर आला. गवंडी वर आला नाही, खालीच राहिला, आणि तसाच झोपी गेला.

त्यानंतर तिला कोणी शिकवायची गरज उरली नाही. कोणाचा श्वास कधी वाढतो हे चादरीवरून कळायचं, आणि कळलं की अंगठा जायचा. चिठ्ठीवरची अक्षरं समोर दिसत असायची. दोनच आठवड्यांत मोठ्या डॉक्टरांनी राउंडवर असताना तो उतार ऐकला आणि विचारलं, “सिस्टर, हे यंत्र दमतं का?” इथे खरं सांगायला हवं होतं. नियम मोडला म्हणून फार तर ओरडा बसला असता. पण ती म्हणाली, “हो डॉक्टर, मधूनच हळू होतं.” डॉक्टर म्हणाले, मग बिघाडवहीत लिहा आणि त्या टेपवाल्याला बोलवा. तिने लिहिलं: तारीख, वेळ, टेप हळू झाली, खाली सही. आणि गुरुवारी तो आला, हत्यारांची पिशवी घेऊन. मशीन उघडलं, पट्टा बदलला, मोटरला कान लावला, आणि वहीतला ‘बिघाडाचे कारण’ हा रकाना तसाच कोरा ठेवून गेला. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा लिहिलं. पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला. पाच महिने दर गुरुवारी तो आला. मशीनच्या पोटात डोकं खुपसून बसायचा आणि मधूनच मागचापुढचा संदर्भ नसलेलं एखादं वाक्य तिच्याकडे टाकायचा. आणि ती ते झेलायची. अंगठा दाबला तो रोग्यांसाठी. वहीत लिहिलं ते मात्र रोग्यांसाठी नव्हतं, हे तिला तेव्हाही कळत होतं. आणि त्या एका बुधवारचं काय, ते तर ती स्वतःशीसुद्धा बोलत नसे. त्या बुधवाराशी आली की तिचं मन दुसरीकडे वळायचं, तसंच ते आताही वळलं आणि ती घराच्या जिन्यापाशी पोचली.

ही झाली गंमत. गंमत म्हणून तिने ती लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगून टाकली असती, दोघं पोट धरून हसली असती. पण तोवर गंमत उरली नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी टेपवाल्यांकडे दुसरी टेप मागितली, लहान मुलांच्या वॉर्डासाठी. टेपवाले म्हणाले, आधी बिघाड सापडू दे. केंद्राने ते मशीन मोडीत काढलं तेव्हा ते घरी घेऊन आले आणि दर रविवारी सकाळी लावून समोर बसू लागले, उताराची वाट बघत. उतार कुठून येणार? ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची. महिने गेले, वर्ष गेलं, मशीन कसं सुतासारखं सरळ चालायचं. एका रविवारी ते म्हणाले, “...म्हणजे मोटरही नाही. मग माझ्या कानांचाच भरवसा उरला नाही, सिस्टर. ज्याला असली गोष्ट सापडत नाही त्याने टेपा करू नयेत.” हे ते इतक्या शांतपणे म्हणाले की लाटणं हातात घेऊन ती दारात आली आणि तशीच परत पोळ्यांकडे वळली. आता सांगावं तर ते विचारतील, इतके दिवस का नाही सांगितलंत? उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली. मशीन माळ्यावर गेलं. पुढची पंचवीस वर्षं टेपवाल्यांनी केंद्रात दुसऱ्यांची भाषणं ध्वनिमुद्रित केली. दुसरी टेप झाली नाही. माणूस तक्रार करणारा नव्हता, जेवायचा, हसायचा, तिच्या माहेरच्या लग्नांमध्ये कर्णे बसवून द्यायचा. पण कधी लिफ्टचा दोर गुणगुणला, फ्रिजची मोटर घुमली की त्यांची मान किंचित कलायची आणि बोटं हवेत काहीतरी कापायची. दरवेळी तिला वाटायचं, आपण एका अंगठ्याने केवढं दाबून टाकलं.

टेपवाले इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. तीन वाजले होते फक्त. चष्मा घातल्यावर म्हणाले, “...आणि तिला वाईट वाटणार नाही असं सांगायचं.”

“काय सांगायचं?”

“की तो दोष आहे. दोषाची नक्कल करू नका म्हणावं. एवढी गुणी मुलं, कोणीतरी वेळेवर सांगायला नको?”

“मी काय म्हणते,” ती म्हणाली. मग म्हणाली, “कानातलं मशीन लावलंत का?”

“लावलंय की. तुमचं ऐकतोय ना.”

दारावरची घंटा चारला पाच कमी असताना वाजली. उतारवाली तिशीची असेल, केस मुलासारखे कापलेले, पाठीवर भलीमोठी पिशवी. आत येऊन ती दोघांच्या पाया पडायला वाकली तर पिशवी डोक्यावरून पुढे आली आणि तिघंही हसली. तिच्या बोटांची नखं अगदी बारीक कापलेली होती. सिस्टरच्या नजरेने ते आधी टिपलं. मुलीने टेबलावर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र ठेवलं, विचारून सुरू केलं, आणि मग विचारायला सुरुवात करायची तर तिला बोलताच येईना. “मी चौदा वर्षांची असताना,” ती म्हणाली आणि थांबली. “आमच्या घरात फार भांडणं असायची. मी हेडफोन लावून तुमची टेप ऐकायचे. सहावी की सातवी नक्कल होती, नुसती खरखर. पण तो उतार आला ना, की असं वाटायचं, कोणीतरी आपल्याकडे बघतंय. म्हणजे, कोणाला तरी कळलंय. मग मी पण संगीत करायला लागले. आजोबा, इतकंच सांगा. कुठे उतरायचं हे तुम्ही कसं ठरवलंत?”

टेपवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांची पाठ केलेली वाक्यं या मुलीपुढे चालणार नाहीत, हे त्यांना कळलेलं तिला दिसत होतं. “बाळ,” ते म्हणाले, “मी काही ठरवलं नाही. बिघाड होता तो. मी पाच महिने शोधला, मला सापडला नाही.”

मुलीचा चेहरा पडला नाही, उलट उजळला. “असं कसं, आजोबा? बिघाड असता तर नियमाने आला असता, किंवा कसाही आला असता. मी मोजलंय. तो बरोबर लागेल तिथे येतो. आम्ही पंधरा जण आहोत जे हेच करतो, आणि एकालाही तुमच्याइतकं जमत नाही.” मग तिने आवाज खाली आणला. “आणि तुम्ही एकच टेप का केलीत? दुसरी का नाही केली?”

टेपवाले खिडकीबाहेर बघू लागले. “...कारण मग ऐकणाऱ्याला फसवल्यासारखं झालं असतं,” ते म्हणाले. “कान चांगला नव्हता माझा.”

“कान चांगला होता,” सिस्टर म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. ती उभी राहिली होती, कधी राहिली ते तिलाही कळलं नव्हतं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, ती पहिल्यांदा मुलीकडे बघून बोलू लागली, कारण मुलीकडे बघून बोलणं सोपं होतं. गवंडी, चादर, चाक. डावीकडचं चाक. अंगठा. चिठ्ठी डोळ्यांसमोर असताना. “कान चांगला होता, मोटर चांगली होती. मी दाबत होते. ज्याचा श्वास वाढायचा त्याच्यासाठी. आणि मग मीच वहीत लिहायचे.” आता तिने टेपवाल्यांकडे बघितलं. “मी सांगायला हवं होतं हो. दर रविवारी सांगायचं ठरवत होते. तुम्ही टेपा करायचं सोडलंत आणि मी पोळ्या लाटत राहिले. मला माफ करू नका हवं तर, पण आता ऐकून घ्या.”

टेपवाल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, उठले आणि आतल्या खोलीत गेले. कपाटाचं दार वाजलं. मुलीने यंत्र बंद करायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, “राहू दे, चालू राहू दे.” तिला वाटलं, आता हा माणूस बाहेर येईल आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवून बोलेल, आणि ते बरोबरच होईल. तिचा श्वास वाढला होता. तिने सवयीने तो मोजायला सुरुवात केली. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक लांबट वही होती, कोपरे झिजलेली, पुठ्ठा सुटलेला. बिघाडवही. दवाखान्याने टाकून दिलेली त्यांनी कधी उचलून आणली, आणि कुठल्या कपड्यांखाली ठेवली होती, हे तिला माहीत नव्हतं. आपणच घरातलं लपवणारं माणूस, असं ती आजवर समजत होती.

“मोटर चांगली होती,” ते म्हणाले. जणू त्यांनी तेवढंच ऐकलं होतं. मग मुलीकडे वळून, “ऐकलंस ना? मोटर चांगली होती. पट्टा पण चांगला होता, मी उगाच तीन बदलले.” त्यांचा चेहरा असा झाला होता की हसतात की रडतात ते कळेना. ते खुर्चीत बसले, चष्मा चढवला, वही उघडली आणि खिशातलं पेन काढलं. “चला सिस्टर. सात तारीख, मंगळवार. दोन वाजून दहा मिनिटं.”

“चार नंबर,” ती म्हणाली. “गवंडी.”

त्यांनी कोऱ्या रकान्यात लिहिलं. “पंधरा तारीख. पावणेचार.”

“नऊ नंबर. पोस्टातले होते ते. ती लेकीचं पत्र यायची वेळ होती. पत्र आलं तरी वाचता येणार नव्हतं, म्हणून घाबरायचे.”

“बावीस. दोन वाजून पाच, आणि लगेच दोन वाजून अकरा.”

“ती शिंपीणबाई. पट्टी सुटल्यावर सुईत दोरा ओवता येईल का, हेच विचारत राहायची. दोनदा दाबावं लागलं तिला.”

ते वाचत होते, ती सांगत होती, ते लिहीत होते. मुलगी आधी एकाकडे आणि मग दुसरीकडे बघत होती आणि मध्येच तिने मनगटाने डोळे पुसले. एकही तारीख ती चुकली नाही. माणसांची नावं गेली होती, खाटांचे नंबर आणि श्वास राहिले होते. पानं उलटत होती, आणि किती पानं उरली ते तिला दिसत होतं.

“मग आम्ही जे करतो ते चूकच,” मुलगी हळूच म्हणाली. “नुसतं आपलं वाटलं म्हणून उतरतो.”

“चूक नाही गं,” ती म्हणाली. “फक्त उगाच नका घालू. समोर कोणाचा तरी श्वास असू दे. एकाचा असला तरी पुरतो.”

टेपवाले शेवटच्या पानावर आले होते. त्यांचं पेन थांबलं. “तीस तारीख,” ते म्हणाले. “बुधवार.”

तिने पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

“ही आपली नक्कल करायची तारीख,” त्यांनी मुलीला सांगितलं. “तुम्हा सगळ्यांकडे आहे ती टेप याच दिवशीची. मूळ टेप तर केव्हाच पुसली गेली. बारीक टाके आले होते, रोगी दुसऱ्याच दिवशी उठून बसायला लागले, आमच्या मशीनचं काम संपलं होतं. दुसऱ्या गावच्या दवाखान्याला एक नक्कल हवी होती, ती केली की दुसऱ्या दिवशी मशीन केंद्रात परत जायचं. मी शेजारच्या चादरींच्या खोलीत दुसरं मशीन घेऊन बसलो होतो, कानाला हेडफोन, दाराखालून तार. या सिस्टर वॉर्डात बसल्या होत्या, पहिल्या मशीनपाशी. तीन उतार आले. तीनदा मी धावत दारात आलो, तीनदा या हात मांडीवर ठेवून बसलेल्या.” ते थांबले. मग तिच्याकडे न बघता, वहीकडे बघत म्हणाले, “...पण त्या दिवशी फिनेलने वॉर्ड धुवायला काढला होता, सिस्टर. सगळ्या खाटा रिकाम्या होत्या. एकही रोगी नव्हता.”

खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. टेबलावरच्या यंत्राचा लाल दिवा तसाच होता. तिला ओल्या फरशीचा वास आला, उघड्या गाद्या दिसल्या, दाराखालून गेलेली काळी तार दिसली, जिच्या पलीकडच्या टोकाला एक माणूस बसला होता आणि उद्यापासून तो येणार नव्हता. बिघाड राहिला तर यावं लागेल, एवढाच हिशेबी विचार ती त्या दिवशी करू शकली होती. तो मात्र दुसऱ्या दिवशी न बोलावता आला, मशीन बांधलेलं असताना हत्यारांची पिशवी घेऊन, आणि दारातच म्हणाला, “...तर तुमच्या घरी कोणाशी बोलावं लागेल?”

“मग श्वास कोणाचा वाढला होता?” टेपवाल्यांनी विचारलं.

“माझा,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली नाही. बराच वेळ ते तसेच बसून राहिले, वाळूच्या पिशव्या लावल्यासारखे. मग ते वहीवर वाकले, आणि बेचाळीस वर्षं कोऱ्या राहिलेल्या त्या शेवटच्या रकान्यात त्यांनी सावकाश, गिचमिड न करता काहीतरी लिहिलं, खाली सही केली आणि वही फिरवून तिच्यापुढे ठेवली. तिने चष्मा पुढे ओढून वाचलं. बिघाडाचे कारण: बिघाड नव्हता. त्यांनी पेन तिच्या हातात दिलं, पण तिला काही करायचं उरलं नव्हतं. शेजारच्या रकान्यात, माहेरच्या नावाने, तिची सही आधीपासूनच होती.